गोचिडीच्या पोटात कोण पाहणार?

आमच्या घरी दोन बैल, एक म्हैस आणि एक कुत्रा होता. रविवारी सकाळी जनावरे धुवायला ओढ्यावर न्यायची आणि त्यांच्या कानामागे, शेपटीच्या मुळाशी चिकटलेल्या गोचिडी काढायच्या, हे आम्हा मुलांचे काम असे. टम्म फुगलेली गोचीड दगडावर ठेवून अंगठ्याच्या नखाने दाबली की 'फट्' असा आवाज होई आणि रक्ताची चिळकांडी उडे. कोणाची चिळकांडी लांब जाते, याची आम्ही पैज लावत असू. त्या रक्तात बैलाच्या रक्ताखेरीज आणखी काही असू शकेल, अशी शंका आम्हाला कधी आली नाही. आज त्या पैजेची आठवण झाली की अंगावर काटा येतो. गोचीड चावल्याने जे जंतू शरीरात शिरतात, त्यांतले काही ती बोटांनी चिरडल्यावर नखाजवळच्या बारीकशा ओरखड्यातूनही शिरू शकतात.

गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळी आणि विंचू यांच्या भावकीतली, आठ पायांची. (अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात.) बऱ्याच जातींची गोचीड आयुष्यात मोजून तीन वेळा पोटभर रक्त पिते आणि अनेकदा प्रत्येक वेळी निराळ्या प्राण्याचे पिते. म्हणजे आज उंदराच्या रक्तातून घेतलेला जंतू पुढच्या खेपेला कुत्र्याच्या किंवा माणसाच्या रक्तात सोडण्याची सोय निसर्गाने आपसूकच करून ठेवली आहे. हे सर्व तुमच्या पाठ्यपुस्तकात थोडेफार असते. परंतु एखाद्या गोचिडीच्या पोटात रोगाचा जंतू आहे की नाही हे मुळात कळते कसे, हे त्यात क्वचितच सापडते. आणि माझ्या मते शिकण्यासारखे आहे ते तेच.

हल्ली या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देण्याची पद्धत पडली आहे : "चाचणी करायची." गोचीड नळीत घालायची, यंत्रात ठेवायची, दोन-तीन तासांत 'आहे' किंवा 'नाही' असे उत्तर मिळते. ही चाचणी उत्तम आहे, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की, चाचणी तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते हे आपण विसरत चाललो आहोत. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणूस लागतो, त्याची नजर लागते. लाइम रोगाचा जंतू कसा सापडला, त्याची हकिगत पाहिली म्हणजे माझे म्हणणे पटेल.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचे एक गाव आहे. १९७५ साली त्या गावातल्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या काही मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टरांनी लहान मुलांचा संधिवात असे निदान केले. हा संधिवात तसा विरळा, दर हजारात एखाद्याच मुलाला होणारा. पण एकाच रस्त्यावरच्या चार घरांतली मुले लंगडत आहेत, हे पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श या दोन आयांच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी सरकारी आरोग्य खात्याला आणि येल विद्यापीठातील डॉक्टरांना कळवले. आयांची काळजी म्हणून कोणी ती बाजूला सारली असती, तर प्रकरण तेथेच संपले असते. येलमधील डॉ. ॲलन स्टीअर यांनी मात्र घरोघर चौकशी करून यादी केली. तीत ३९ मुले आणि १२ मोठी माणसे, असे ५१ रुग्ण निघाले. बहुतेकांचे दुखणे उन्हाळ्यात किंवा त्याच्या अखेरीस सुरू झालेले. राहणारे बहुतेक झाडीजवळचे. आणि सुमारे चौथाई रुग्णांना सांधे सुजण्याच्या आधी त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा आल्याचे आठवत होते.

असा चट्टा युरोपातील डॉक्टरांना नवीन नव्हता. स्वीडनमधील आर्विड अफझेलियस यांनी १९०९ मध्येच त्याचे वर्णन करून तो गोचीड चावल्यावर येतो असे सांगितले होते. त्यामुळे लाइमच्या रुग्णांबाबतही संशय गोचिडीकडे वळला. पुढे एका रुग्णाने आपल्याला चावलेली गोचीड जपून ठेवली होती, ती तज्ज्ञांना दाखवता आली आणि तिची जातही कळली. पण जंतू कोठे होता? रुग्णांच्या रक्तात तो दिसेना, प्रयोगशाळेत वाढेना. त्या वेळी माहीत असलेल्या अनेक रोगजंतूंसाठी चाचण्या झाल्या आणि सगळ्यांची उत्तरे 'नाही' अशीच आली. सहा वर्षे अशी गेली.

आता आपण दुसऱ्या टोकाला, मोंटाना राज्यातील हॅमिल्टन या लहानशा गावी जाऊ. येथील बिटररूट खोऱ्यात ठिपक्यांचा ताप म्हणून एक भयंकर रोग होता. तो गोचिडीमुळे पसरतो, हे हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ मध्ये गिनिपिगांवर प्रयोग करून सिद्ध केले. (याच रिकेट्स यांना पुढे मेक्सिकोत टायफसचा अभ्यास करताना तोच रोग झाला आणि १९१० मध्ये ते वारले. 'रिकेट्सिया' हे जंतूंचे नाव त्यांच्यावरूनच पडले.) १९२१ मध्ये या रोगाच्या अभ्यासासाठी सरकारने खोऱ्यातील एक ओस पडलेली शाळा भाड्याने घेतली. होय, शाळा! वर्गांतून गोचिडी पाळल्या जाऊ लागल्या. पुढे हॅमिल्टन येथे पक्की इमारत बांधायचे ठरले, तेव्हा गोचिडी गावात पळतील म्हणून लोकांनी हरकत घेतली. मग इमारतीभोवती पाण्याचा एक चर बांधून त्यांची समजूत घालावी लागली.

या प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर नावाचे शास्त्रज्ञ काम करीत होते. ते मूळचे स्वित्झर्लंडमधील बाझेलचे. तेथे डॉक्टरेटसाठी त्यांनी आफ्रिकेतील एका गोचिडीचा आणि तिच्यातील पिळदार, मळसूत्रासारख्या जंतूंचा अभ्यास केला होता. या आकाराच्या जंतूंना स्पायरोकीट म्हणतात. पुढे अमेरिकेत आल्यावर त्यांचे मुख्य काम झाले ठिपक्यांच्या तापाचे रिकेट्सिया गोचिडीत शोधण्याचे. त्यासाठी त्यांनी एक सुरेख युक्ती काढली होती. गोचिडीच्या एका पायाचे टोक कापायचे. तेथून तिच्या शरीरातील द्रवाचा थेंब येतो, तो काचपट्टीवर घ्यायचा, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. हिरवट पार्श्वभूमीवर रिकेट्सिया तांबडे दिसतात. गोचीड मरत नाही, त्यामुळे पुढचे प्रयोग तिच्यावरच करता येतात. रसायनशास्त्राची मोठी सामग्री नको आणि फारसा खर्चही नाही!

१९८१ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कहून डॉ. होर्हे बेनाक यांनी त्यांच्याकडे शेल्टर बेटावरच्या गोचिडी पाठवल्या. त्या भागात ठिपक्यांचा ताप येत होता, म्हणून त्यांत रिकेट्सिया आहेत का, एवढाच प्रश्न होता. बर्गडॉर्फर यांनी पाय कापून थेंब पाहिले. रिकेट्सिया नव्हते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. 'नाही' असे लिहून कागद परत पाठवता आला असता आणि त्यात कोणी चूकही काढली नसती.

पण दोन गोचिडींच्या थेंबांत त्यांना बारीक सूत्रकृमींची पिल्ले वळवळताना दिसली. हे भलतेच काय, म्हणून त्यांनी त्या गोचिडी फाडल्या, आतड्याचे तुकडे काचपट्टीवर पसरले, रंगवले. सूत्रकृमी राहिले बाजूला. आतड्यात फिकट रंगलेले, लांबट, वेडेवाकडे पीळ असलेले जंतू दिसू लागले. तीस वर्षांपूर्वी बाझेलमध्ये ज्यांच्याशी ओळख झाली होती, तेच कुळ! युरोपातील त्या जुन्या चट्ट्याविषयीचे लेखही त्यांना आठवले. मग उरलेल्या गोचिडी फाडल्या, तर शेकडा साठच्या आसपास गोचिडींत हे जंतू निघाले. शेजारच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ॲलन बार्बर यांनी ते खास तयार केलेल्या माध्यमात वाढवून दाखवले. लाइमच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे या जंतूंना चिकटतात, हेही दिसले. जून १९८२ मध्ये हे सर्व प्रसिद्ध झाले, १९८३ मध्ये रुग्णांच्या रक्तातूनही तोच जंतू वाढवण्यात यश आले आणि १९८४ मध्ये त्याला बोरेलिया बर्गडॉर्फेरी असे नाव मिळाले.

कोणी म्हणेल, हा नशिबाचा भाग. असेल. पण स्पायरोकीट कधी न पाहिलेल्या माणसासमोर ती काचपट्टी ठेवली असती, तर त्याला रंगाचे काही धागे दिसले असते आणि त्याने ती धुऊन टाकली असती. नशीबसुद्धा ओळखता यावे लागते.

आता आजच्या चाचणीकडे येऊ. कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या आणि १९९३ मध्ये नोबेल मिळवून देणाऱ्या पीसीआर पद्धतीत जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करतात. एकाचे दोन, दोनाचे चार. वहीवर गुणाकार करून पाहा : तीस फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे १०७ कोटींहून अधिक तुकडे होतात. एवढे झाले म्हणजे ते दिसतातच. पण हा तुकडा कोणता, हे यंत्राला आधी सांगावे लागते. साधारण वीस अक्षरांच्या दोन खुणा आपण तयार करून नळीत घालतो, त्या जेथे जुळतात तेवढ्याच भागाच्या प्रती निघतात. बोरेलियाच्या खुणा घातल्या तर बोरेलिया सापडेल. त्याच गोचिडीत रिकेट्सिया खच्चून भरलेले असले तरी यंत्र त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. वर्गात नाव पुकारले तरच 'हजर' म्हणणाऱ्या मुलासारखे ते आहे.

यंत्रापुढचा माणूस जागा असला, तर यातूनही नवे सापडते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लाइमसाठी आलेल्या काही रक्तनमुन्यांची पीसीआर चाचणी 'आहे' असे सांगत होती, पण तयार झालेल्या डीएनएच्या दोन पट्ट्या ज्या तापमानाला सुट्या व्हायला हव्यात त्या तापमानाला होत नव्हत्या. 'आहे' ते 'आहे', असे म्हणून कोणीही पुढे गेले असते. तेथील मंडळी थांबली, म्हणून २०१६ मध्ये बोरेलिया मेयोनी ही लाइमसारखाच रोग करणारी नवी जात जगाला कळली.

'आता तर गोचिडीतला सगळाच्या सगळा डीएनए वाचून काढता येतो, मग खुणांची कटकट कशाला?' असे चुणचुणीत विद्यार्थी विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण त्या वाचनात निघणारे बहुसंख्य जंतू गोचिडीचे घरचेच असतात. रक्तात जी जीवनसत्त्वे कमी असतात ती तिला पुरवणारे जंतू तिच्या अंगात वस्तीला असतात. त्यांतले काही तर रिकेट्सियाच्याच कुळातले, पण माणसाला अपाय केल्याचे ज्यांच्याबाबत कधी दिसलेले नाही असे. यादी लांबलचक मिळते. यादीतला चोर कोण, हे मात्र रुग्ण, प्राणी आणि गोचीड यांचा मेळ घालूनच ठरवावे लागते. बर्गडॉर्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही ते तसेच ठरवावे लागले.

आणखी एका गोष्टीबाबत लोकांचा मोठा गैरसमज आहे. चावलेल्या गोचिडीची चाचणी केली आणि 'आहे' असे आले, म्हणजे त्या माणसाला रोग झाला असे नव्हे. लाइमचा जंतू गोचिडीच्या आतड्यात असतो. ताजे रक्त आत आले की तो जागा होतो, आपले वरचे आवरण बदलतो आणि मग लाळग्रंथीकडे निघतो. या प्रवासाला बहुधा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो. त्याआधी गोचीड काढली तर जंतू तिच्याच पोटात राहतो. उलट, हाती लागलेली गोचीड निर्दोष असेल, पण खसखशीच्या दाण्याएवढी दुसरी एखादी नकळत चावून गेलेली असू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला असा आहे की, एका गोचिडीच्या चाचणीवरून माणसाचे औषध ठरवू नये. शेकडो गोचिडी तपासून कोणत्या रानात कोणता धोका आहे हे ठरवण्यासाठी मात्र हीच चाचणी अमूल्य आहे.

हे झाले अमेरिकेतले. आपल्याकडे कुत्र्याच्या तांबूस गोचिडीतून पसरणारा 'इंडियन टिक टायफस' आहे. तिच्या जवळच्या नात्यातल्या, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या पिल्लांमुळे होणारा स्क्रब टायफस आहे. २०१८ च्या पावसाळ्यात त्याने विदर्भात अनेक बळी घेतले. हे दोन्ही जंतू पेशीच्या आतच वाढतात. रुग्णाचे रक्त नेहमीच्या माध्यमात घालून कितीही दिवस ठेवले तरी 'जंतू आढळले नाहीत' असेच उत्तर येते. पुन्हा तेच, प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. अनेक ठिकाणी वाइल-फेलिक्स ही १९१६ सालची चाचणी अजून वापरतात. तीत टायफसचा जंतू वापरतच नाहीत. प्रोटियस नावाच्या निराळ्याच जंतूशी रुग्णाची प्रतिपिंडे योगायोगाने जुळतात, त्यावर सारी भिस्त. त्याहून चांगल्या चाचण्या आहेत, पण प्रतिपिंडे तयार व्हायलाच आठवडाभर लागतो आणि वाईट वळण घेणारा रुग्ण तेवढे थांबत नाही.

माझ्या परिचयातील एका शेतकऱ्याच्या मुलाला आठ दिवस ताप होता. टायफॉइड समजून औषध चालू होते, कागदांची चवड झाली होती. नव्या आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवले, "बाळ, गवत कापायला गेला होतास का?" असे विचारले आणि त्याला पालथे झोपवून सर्व अंग तपासले. गुडघ्यामागे सिगारेटचा चटका बसावा तशी एक काळी खपली होती. चावा घेतल्याची ती खूण. डॉक्सिसायक्लिनच्या साध्या, स्वस्त गोळ्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला. प्रयोगशाळेचा निकाल नंतर आला. खपली प्रत्येक रुग्णाला असतेच असे नाही, आणि गोचिडीच्या टायफसमध्ये तर आपल्याकडे ती पुष्कळदा दिसत नाही. तेथे तळहात-तळपायांपर्यंत उठणारे पुरळ पाहावे लागते. पण पाहावे लागते, हे खरे.

म्हणून माझे असे स्पष्ट मत आहे की, जिल्ह्याजिल्ह्याला यंत्रे जरूर आणावीत, परंतु त्याच पैशांतून रानात जाऊन गोचिडी गोळा करणारा, त्यांच्या जाती ओळखणारा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा माणूसही नेमावा. यंत्र एका दिवसात विकत मिळते. असा माणूस घडायला दहा वर्षे लागतात, आणि त्याची सुरुवात महाविद्यालयात नव्हे, तुमच्या वयात होते. 'गोचिडीला पाय किती?' या एका गुणाच्या प्रश्नाने तो घडत नाही.

१९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, ती बातमी आधी गावकऱ्यांनाच होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने नंतर त्यामागचा विषाणू आणि त्याची गोचीड शोधून काढली. तोच माकडताप पुढे गोव्यात आणि सिंधुदुर्गातही पोहोचला. (तो विषाणू आहे, जिवाणू नव्हे, त्यावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही.) आजही रानात मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणारा मुलगा कोणत्याही यंत्राच्या आधी सूचना देत असतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, गुरे-कुत्री असलेल्या गावात गोचिडीची एक वही ठेवावी. कोणत्या जनावरावर, अंगाच्या कोणत्या भागावर, कोणत्या महिन्यात किती दिसल्या, एवढेच लिहायचे. वर्षभरात त्यातून जे दिसेल ते कोणत्याही पुस्तकात नसेल, कारण ते तुमच्या गावाचे असेल. फाडणे, चिरडणे विद्यार्थ्यांनी मुळीच करू नये. गोचीड माणसाला चिकटलेली आढळली तर तिला काडीचा चटका देऊ नये, रॉकेल किंवा तेल लावू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर, न पिळता, सावकाश ओढावी, मग साबणाने जागा व हात धुवावेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आपणहून सांगावे, ते विचारतील याची वाट पाहू नये. आणि काढलेली गोचीड फेकू नये. स्पिरिट घातलेल्या लहान बाटलीत ती टाकावी आणि तारीख, ठिकाण, कोणाच्या अंगावरून काढली, हे कागदाच्या कपट्यावर लिहून तो कपटा बाटलीच्या आतच सोडावा. लिहायचे मात्र शिसपेन्सिलीने, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते.